खेळण्यांकडे ढुंकूनही न पाहणाऱ्या कुत्र्यासाठी काँग क्लासिक

चेंडू, दोरी, दाबल्यावर आवाज करणारी रबरी कोंबडी यांपैकी कशातच ज्या कुत्र्याला रस नाही, त्याच्यासाठी काँग क्लासिक हे आत अन्न भरून द्यायचे पोकळ रबरी खेळणे घ्यावे का, या प्रश्नाला माझे उत्तर होकारार्थी आहे. मात्र ते खेळणे म्हणून विकत घेऊ नये. आमच्याकडे भुरी नावाची देशी कुत्री आहे. पुण्याच्या रस्त्यावरून ती घरी आली तेव्हा पूर्ण वाढलेली होती. माणसांवर तिचा जीव लगेच जडला, फिरायला जाण्याची तिला मनापासून हौस आहे, पण फेकलेला चेंडू कुठे गेला हे पाहण्यापुरतीही ती मान वळवत नाही. अशा कुत्र्याच्या पालकाच्या नजरेतून मी हे लिहीत आहे. चेंडू आणून देणाऱ्या लॅब्रडॉरच्या घरी याच वस्तूचा अनुभव निराळा असेल.

काँग म्हणजे वर लहान आणि खाली मोठे असे तीन गोळे एकमेकांत मिसळल्यासारखी दिसणारी, आतून पोकळ असलेली, नैसर्गिक रबराची जाड वस्तू. अमेरिकेतल्या कोलोराडो राज्यात जो मार्कहॅम यांच्या फ्रिट्झ नावाच्या जर्मन शेफर्डला दगड चावण्याची सवय होती आणि त्यामुळे त्याचे दात झिजत होते. फोक्सवॅगन गाडीची दुरुस्ती करताना बाजूला पडलेला एक रबरी सुटा भाग फ्रिट्झने उचलला आणि तो सोडेना, त्यावरून मार्कहॅम यांना ही कल्पना सुचली, आणि १९७६ साली कंपनी उभी राहिली. म्हणजे ही वस्तू जन्माला आली ती चावल्याशिवाय राहू न शकणाऱ्या कुत्र्यासाठी. ज्याला काहीच चावायचे नसते त्याच्याही ती उपयोगी पडते, याचे कारण तिच्या पोकळीत आहे, कारण त्या पोकळीत अन्न भरता येते.

कुत्रा खेळण्यांशी खेळत नाही म्हणजे तो दुःखी आहे किंवा मंद आहे, असे अनेकांना वाटते. हा समज दूर होणे मला फार आवश्यक वाटते. कुत्र्यांच्या वर्तनाचे अभ्यासक रेमंड कॉपिंजर यांनी शिकारीच्या वर्तनाची एक साखळी मांडली आहे: भक्ष्याचा वेध घेणे, रोखून पाहणे, दबा धरत पुढे सरकणे, पाठलाग, पकड, मारणे, फाडणे आणि खाणे. माणसाने निरनिराळ्या जातींमध्ये या साखळीच्या निरनिराळ्या कड्या निवडीने बळकट केल्या. बॉर्डर कॉलीमध्ये रोखून पाहणे आणि पाठलाग, तर रिट्रीव्हरमध्ये पकडून आणणे. चेंडूचा खेळ म्हणजे याच कड्यांची उजळणी होय. रस्त्यावरच्या आपल्या देशी कुत्र्यांची अशी निवड कोणी केली नाही. त्यांचे पोट प्रामुख्याने माणसाने टाकलेल्या अन्नावर भरते आणि ते मिळवण्यासाठी लागते ते नाक. आयसर कोलकाता या विज्ञान संशोधन संस्थेत अनिंदिता भद्रा आणि त्यांचे सहकारी मोकाट कुत्र्यांचा अभ्यास करतात. त्यांच्या प्रयोगांत असे दिसले की ही कुत्री वास घेऊन, ज्या तुकड्याला मांसाचा वास अधिक तो आधी उचलतात. भुरीसारख्या कुत्रीला पळणाऱ्या चेंडूत काही अर्थ दिसत नसेल, तर त्यात नवल नाही. हुंगून अन्न शोधणे हे मात्र तिचे स्वतःचे काम आहे, आणि काँग ते काम तिला घरात बसून करू देते.

रिकामे काँग तिच्यासमोर ठेवले तेव्हा तिने ते एकदा हुंगले आणि ती निघून गेली. अशा कुत्र्यांच्या बाबतीत हे अपेक्षितच धरावे. वेष्टनावरची चित्रे पाहून पहिल्याच दिवशी ते गच्च भरून, गोठवून देण्याचा मोह होतो. परंतु ज्याला वस्तूंशी झटापट करण्याची सवयच नाही, तो कुत्रा थोडा प्रयत्न करतो, हाती काही लागत नाही असे दिसताच सोडून देतो, आणि पुढच्या वेळी जवळही येत नाही. म्हणून सुरुवातीला आम्ही मोठ्या छिद्रातून आपोआप घरंगळतील असे कोरड्या खाद्याचे सुटे दाणे घातले आणि उकडलेल्या चिकनचे पाणी कडेला बोटाने लावले. नाकाने ढकलले की दाणा पडतो, एवढेच तिला कळायला हवे होते. ते पक्के झाल्यावर दाण्यांत थोडे दही कालवले, पुढे बिनमिठाचा मऊ भात आणि कुस्करलेले चिकन दाबून भरले, आणि सर्वांत शेवटी भरलेले काँग फ्रीजरमध्ये ठेवून दिले. प्रत्येक पायरीवर तिला यश सहज मिळेल, हे पाहणे हीच या वस्तूच्या वापरातली खरी कला आहे आणि त्याची माहिती वेष्टनावर फार त्रोटक असते. आता गोठवलेले काँग ती पुढच्या पंजांत धरून संपेपर्यंत निष्ठेने चाटते. नंतर ती शांत झोपते. पावसाळ्यात फिरणे कमी होते तेव्हा आणि दिवाळीच्या फटाक्यांच्या दिवसांत या चाटण्याचा तिला जो आधार होतो, त्याचे मोल मला किमतीपेक्षा कितीतरी अधिक वाटते.

भरण्यासाठी आपल्या स्वयंपाकघरातले बरेच काही चालते: उकडलेला लाल भोपळा, गाजर, अंडे, साधे दही, बिनमिठाचे चिकन. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट कुत्र्यांना विषारी आहेत, ते कोणत्याही रूपात भरू नये. पीनट बटर वापरायचे असल्यास डबीवरचे घटक वाचलेच पाहिजेत, कारण साखरविरहित प्रकारांत कधी कधी झायलिटॉल हा साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ असतो आणि कुत्र्यांत त्यामुळे रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते. काँगमधले अन्न हे रोजच्या जेवणातूनच काढावे. वरचे म्हणून दिले तर वजन वाढायला वेळ लागत नाही.

खरेदी करताना रंग आणि आकार या दोन्ही गोष्टी पाहाव्या लागतात. लाल रबर सर्वसाधारण चावणाऱ्यांसाठी, काळे अधिक टणक, पिल्लांसाठीचे गुलाबी किंवा निळे मऊ आणि वयस्क कुत्र्यांसाठी जांभळे. खेळण्यांत रस नसलेल्या प्रौढ कुत्र्याला लाल पुरेसे होते. आकार वजनावरून ठरतो. आपली मध्यम बांध्याची देशी कुत्री बहुधा मीडियम आणि लार्ज यांच्या सीमेवर येतात, तेव्हा मोठा आकार निवडावा, कारण तो घशात अडकत नाही आणि रुंद तोंडातून अन्न सहज बाहेर येते. लार्जसाठी हजाराच्या आसपास किंवा त्याहून अधिक रुपये मोजावे लागतात. बाजारात याच आकाराच्या स्वस्त नकला मिळतात. त्या घेणार असाल तर दुसऱ्या टोकाला लहान छिद्र आहे ना, हे तपासावे. एकच छिद्र असलेल्या पोकळ खेळण्यात चाटताना निर्वात पोकळी तयार होऊन जीभ अडकू शकते. पैसे वाचवण्याच्या नादात ही जोखीम कोणीही घेऊ नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

उणिवाही आहेत. आतल्या खाचांत भात वाळला की तो काढणे कष्टाचे असते. गरम पाण्यात भिजवून दुधाच्या बाटलीच्या ब्रशने घासावे लागते. आपल्याकडे मुंग्यांचा प्रश्न वेगळाच. चाटून संपलेले काँग थोडा वेळ जमिनीवर राहिले तरी मुंग्यांची रांग लागते. ते लगेच उचलण्याचे आणखी एक कारण आहे. प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक जॉन ब्रॅडशॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासात कुत्र्यांचा एकाच खेळण्यातला रस झपाट्याने ओसरतो आणि नवे खेळणे पुढे आल्यावर पुन्हा जागा होतो, असे आढळले होते. सतत समोर पडून राहिलेले काँग घरातल्या सामानासारखे होऊन जाते.

ज्यांना एवढा खर्च करायचा नाही त्यांनी जुन्या टॉवेलात खाद्याचे दाणे गुंडाळून द्यावेत किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यात कागदाचे बोळे आणि दाणे एकत्र टाकावेत. हुंगण्याचा आनंद त्यातही पुरेपूर मिळतो, आणि भुरीला टॉवेल आजही काँगइतकाच प्रिय आहे. काँगची सरशी होते ती टिकाऊपणात आणि गोठवता येण्यात. कापड किंवा पुठ्ठा गिळणाऱ्या कुत्र्याला तर काँगच अधिक सुरक्षित.

एक गोष्ट मात्र कोणत्याही खरेदीच्या आधी पाहायला हवी. जो कुत्रा पूर्वी आवडीने खेळत होता आणि अलीकडे अचानक थांबला, त्याला नव्या खेळण्याची नव्हे, पशुवैद्याची गरज आहे. दातदुखी, सांधेदुखी आणि आपल्याकडे सर्रास आढळणारा गोचीड ताप यांत कुत्रा खेळणे सोडू शकतो. अन्नाने भरलेल्या काँगकडेही पाठ फिरवणारा कुत्रा तर ताबडतोब दाखवावा.

रस्त्यावर वाढलेल्या काही कुत्र्यांना अन्नाजवळ कोणी आलेले खपत नाही. अशा कुत्र्याला काँग स्वतंत्र खोलीत किंवा कोपऱ्यात द्यावे, लहान मुलांना आणि घरातल्या दुसऱ्या कुत्र्याला दूर ठेवावे आणि परत घेताना ओढून न घेता, थोड्या अंतरावर चिकनचा तुकडा टाकून, तो उठून गेल्यावरच उचलावे.