एमजीओ सबस्ट्रेट, दहाचा डबा: दोन स्टार दिले होते, आता साडेतीन

दोन महिन्यांपूर्वी या विक्रेत्याला मी तावातावाने दोन स्टार देऊन मोकळी झाले होते. आज ते बदलतेय, कारण निम्मी चूक माझी निघाली.

माल असा: मॅग्नेशियम ऑक्साइडचे (एमजीओ) सबस्ट्रेट, म्हणजे फिल्म वाढवायच्या पायाच्या क्रिस्टल-चकत्या, (००१) दिशेने कापलेल्या, १० बाय १० मिमी, जाडी अर्धा मिमी, एका बाजूने पॉलिश. यावर आम्ही मॅग्नेटाइटची (चुंबकीय लोह-ऑक्साइडची) ५० नॅनोमीटरची फिल्म वाढवतो. जोडी चांगली जुळते. मॅग्नेटाइटचा युनिट सेल, म्हणजे क्रिस्टलमध्ये पुन्हा पुन्हा येणारं घर, ८.३९६ अँगस्ट्रॉम, एमजीओचा ४.२१२, दोन मिळून ८.४२४, म्हणजे फरक जेमतेम ०.३ टक्के. पॉलिश तर अप्रतिम. एएफएमखाली (पृष्ठभाग अणूंच्या पातळीवर चाचपणाऱ्या मायक्रोस्कोपखाली) बघताना हेवा वाटावा इतकी.

तरी पहिल्याच फिल्मचं मॅग्नेटायझेशन, म्हणजे चुंबकत्व, मॅग्नेटाइटच्या अपेक्षित ४८० ईएमयू प्रति घनसेंमीच्या तीन चतुर्थांशच आलं. लूप (चुंबकीय क्षेत्र वर-खाली करत काढलेला मॅग्नेटायझेशनचा आलेख) मात्र दिसायला सुरेख, वर सपाट. एक्सआरडी, म्हणजे एक्स-रेने केलेली क्रिस्टलची तपासणी, स्वच्छ. मग उरलं कोण? सबस्ट्रेट. दिले दोन स्टार.

आमच्या लॅबच्या मॅडमनी लूप बघितला आणि एवढंच विचारलं, "बॅकग्राउंडचा उतार कुठून काढलास?" म्हणजे सबस्ट्रेटचा स्वतःचा, वजा करायचा भाग. मी तो काढला होता त्याच लूपच्या शेपटीवरून, जिथे क्षेत्र सर्वात जास्त असतं, सगळे काढतात तसा. गोची तिथेच होती. ५ बाय ५ मिमीच्या तुकड्यात फिल्मचं सगळं मोमेंट (एकूण चुंबकत्व) धरून साधारण ०.०००६ ईएमयू, आणि ७ टेस्लाला नुसत्या एमजीओचं डायमॅग्नेटिक (क्षेत्राला विरोध करणारं) मोमेंट उलट्या दिशेने त्याहून थोडं जास्तच. शेपटीला रेघ लावून वजा केली की एमजीओचा उतार जातो, आणि त्याच्यासोबत फिल्मचा स्वतःचा चढही जातो. मग डब्यातला एक कोरा, फिल्म नसलेला तुकडा मोजला, वजनाच्या प्रमाणात वजा केला. फिल्म ७ टेस्लालाही चढतच होती!

याचं कारण ॲन्टीफेज बाउंड्री, म्हणजे फिल्मचे दोन भाग जिथे न जुळता भेटतात ती सीमा. दोघींनी अंगणाच्या दोन कोपऱ्यांतून ठिपक्यांची रांगोळी सुरू करावी आणि मध्ये भेटल्यावर ठिपके अर्ध्या घराने चुकावेत, तसं. मॅग्नेटाइटचं घर एमजीओच्या दुप्पट, त्यामुळे सुरुवातीची बेटं कुठूनही उगवतात. एकमेकांना भिडतात तेव्हा ऑक्सिजनची जाळी सलग राहते, लोहाच्या रांगा मात्र सरकलेल्या असतात. त्या सीमेवर लोह-ऑक्सिजन-लोह सरळ १८० अंशांत येतात आणि दोन्हीकडच्या स्पिनना (अणूंच्या छोट्या चुंबकांना) जबरदस्तीने उलट तोंडं करायला लावतात. ती वळवायला ७ टेस्ला पुरत नाही. मार्ग्युलिस आणि सहकाऱ्यांनी हे १९९७ मध्येच मांडलंय. मी ते वाचलं स्टार देऊन झाल्यावर. जाड फिल्ममध्ये या सीमा विरळ होतात, ॲनीलिंगनेही (तापवून ठेवण्यानेही) कमी होतात, पण तापमान फार चढवलं तर खालचं मॅग्नेशियम वर फिल्ममध्ये शिरतं. एमजीओ कितीही महागाचा आणा, त्या पूर्ण जायच्या नाहीत. म्हणून दीड स्टार परत.

आता विक्रेत्याची खरी खोड. एका डब्यात दोन वेगळ्या क्रिस्टलचे तुकडे होते, लेबलवर एकच लॉट. कसं कळलं? दोन कोरे तुकडे १० केल्विनला मोजले, तर एकाचा पॅरामॅग्नेटिक भाग (अशुद्धीमुळे क्षेत्राच्या दिशेने येणारं चुंबकत्व) दुसऱ्याहून बराच जास्त. एमजीओमध्ये लोहासारखी अशुद्धी थोडीफार असतेच, त्याबद्दल तक्रार नाही. पण लॉट मिसळला की कोऱ्या तुकड्याची वजाबाकीच खोटी पडते, आणि माझं सगळं काम त्या वजाबाकीवर उभं आहे. शिवाय एक पाकीट फुटलेलं. जुलैतल्या पुण्याच्या हवेत एमजीओ पाणी धरतो. त्या तुकड्यावर वाफ धरल्यासारखी झाक होती.

फोनवर बोलणं नीट होतं. फुटक्या पाकिटाचा तुकडा बदलून दिला, पण तीन आठवड्यांनी. लॉटबद्दल विचारलं तर "मॅडम, मटेरियल सेमच आहे."

घेणार असाल तर ऑर्डरमध्येच लिहा: सगळे तुकडे एकाच क्रिस्टलचे हवेत, आणि त्यातला एक कोरा ठेवून द्या. आल्या आल्या डेसिकेटरमध्ये, म्हणजे हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात, टाका. आणि हो, स्टीलचा चिमटा लावू नका. आमच्या ज्युनियरने लावला, चिमट्याचं लोह तुकड्याला लागलं, आणि कोऱ्या एमजीओला हिस्टेरिसिस (खऱ्या चुंबकासारखा लूप) आलं म्हणून तो दोन दिवस हवेत होता.