एकाच मॉडेलच्या दोन गाड्या: कन्व्हर्टर बदलायचा की नाही, आणि बदलायचा तर कुठला?

आमच्या घरात एकाच मॉडेलच्या दोन पेट्रोल गाड्या आहेत. माझी २०११ ची, बेळगावातच घेतलेली, केए-२२. आतेभावाची २०१४ ची. पुण्यात नोकरीला असताना घेतली, निपाणीला परत आल्यावर नंबर बदलून केए-२३ करून घेतला. रंगही एकच, त्यामुळे लग्नकार्यात पाहुणे हमखास चुकीच्या गाडीत जाऊन बसतात. गेल्या वर्षी दोन वेगवेगळ्या मेस्त्रींनी दोन्ही गाड्यांबद्दल एकच निदान केलं: ‘कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गेला.’ खरा गेला होता एकाचाच.

माझी गाडी वंटमुरी घाटात उघडी पडली. चार माणसं आणि दोन पोती तांदूळ एवढंच ओझं. तिसऱ्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबला तरी गाडी पुढं सरकेना. उसाची ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर मागून येतो की काय असं वाटायला लागलं. गाडी उभी असताना मात्र इंजिन एकदम शहाण्यासारखं चालायचं. डॅशवर एकही दिवा नाही. आतेभावाचं उलटं: पिकप उत्तम, अ‍ॅव्हरेज नेहमीचं, पण पिवळा चेक लाइट पेटलेला तो विझेना.

कन्व्हर्टर म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवरचा, इंजिनाचा धूर साफ करणारा एक डबा. आत सिरॅमिकची बारीक जाळी, मधाच्या पोळ्यासारखी, आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा पातळ थर. हा डबा दोन तऱ्हेनं मरतो. एक तर जाळी वितळून नाहीतर तुटून वाट अडते, किंवा वाट मोकळी राहते पण वरचा थर निकामी होतो. पहिल्यात गाडी ओढत नाही. दुसऱ्यात चालवणाऱ्याला काहीच कळत नाही. कळतं ते सेन्सरला, नाहीतर एमिशन सेंटरवाल्याला. (आपल्याकडं ‘एमिशन’, निपाणी ओलांडून कागलला गेलात की त्याच कागदाला पीयूसी म्हणतात.)

एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांत हा फरक का, तर दोन्ही मुळात एकसारख्या नाहीतच. पुण्यासह तेरा शहरांत बीएस-४ (गाडीच्या धुराच्या सरकारी मर्यादांचा टप्पा, बीएस-३ हा त्याच्या आधीचा) एप्रिल २०१० पासून आलं. सगळ्या देशाला ते लागू झालं एप्रिल २०१७ ला. म्हणजे २०११ ला बेळगावात विकलेली माझी गाडी बीएस-३, आणि पुण्याची त्याची बीएस-४. शिवाय एप्रिल २०१३ पासून बीएस-४ गाड्यांना ओबीडी-२, म्हणजे गाडीनं आपला बिघाड आपणच ओळखायची यंत्रणा, आली. त्याच्या गाडीत कन्व्हर्टरच्या आधी एक आणि नंतर एक असे दोन ऑक्सिजन सेन्सर आहेत. माझ्यात एकच, तोही आधीचा. कन्व्हर्टर कसा चाललाय हे माझ्या गाडीला कळायची सोयच नाही, मग दिवा पेटणार कसा? तेव्हा पहिलं काम: आरसीवरचा नॉर्म वाचा आणि गाडीखाली वाकून सेन्सर मोजा. पुढचं सगळं त्यावर ठरतं.

तपासणीचं बोलायचं तर, दोन सेन्सरच्या गाडीला स्कॅनर लावा, पण नुसता कोड वाचून थांबू नका. आतेभावाच्या गाडीत पी-०४२० आला. मेस्त्री लगेच म्हणाला, कन्व्हर्टर बदला. या कोडचा अर्थ एवढाच की मागच्या सेन्सरला कन्व्हर्टरचं काम कमी दिसतंय. इंजिन तापल्यावर लाइव्ह डेटा बघायचा. पुढचा सेन्सर साधारण ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सारखा वरखाली नाचतो, मागचा ०.६-०.७ च्या आसपास शांत असायला हवा. मागचाही पुढच्यासारखाच नाचत असेल तर जाळीवरचा थर संपलाय. त्याच्या गाडीत मागचा नाचत नव्हता, मधूनमधून एकदम खाली पडत होता. सकाळी थंड गाडी चालू करून जुनं फडकं हातात धरून सायलेन्सरचं तोंड दाबलं, तर दोन सेन्सरच्या मधल्या जोडावर फुसफुस ऐकू आली आणि तिथं काजळीचा काळा चट्टा दिसला. गॅस्केट, म्हणजे जोडातलं पॅकिंग, गेलेलं. बाहेरची हवा आत ओढली जायची आणि सेन्सर फसायचा. गॅस्केट बदललं, कोड पुसला, दिवा गेला. कन्व्हर्टरचं कोटेशन गाडीच्या आजच्या किमतीच्या चौथ्या हिश्श्याएवढं होतं.

माझ्या गाडीला स्कॅनरचा उपयोग शून्य. तिथं गेज लागतो. ऑटोनगरच्या म्हाताऱ्या मेस्त्रींनी सेन्सर काढून त्याच भोकात प्रेशर गेज बसवला. चांगल्या गाडीत आयडलला (इंजिन चालू, पाय काढलेला) दीड पीएसआयच्या आत आणि २५०० आरपीएमला तीनच्या आत दाब असावा. माझा काटा आयडललाच तीनला टेकला आणि रेस केल्यावर आठच्या पुढं गेला. “मालक, नरडं आवळल्यागत झालंय हिचं,” म्हणाले. काही जण व्हॅक्यूम गेज (इंजिन हवा किती जोरानं ओढतं ते मोजणारा) लावतात, तोही चालतो, पण एक ध्यानात ठेवा: पुस्तकातले १८ ते २२ इंच (पाऱ्याचे) हे समुद्रसपाटीचे आकडे आहेत. बेळगाव साधारण ७५० मीटरवर आहे, इथं दोन-अडीच इंच कमीच दाखवणार. सोळा दाखवले म्हणून घाबरायचं नाही. २५०० वर धरल्यावर काटा हळूहळू घसरत गेला तर घाबरायचं.

रबरी हातोडीनं डबा ठोकून बघायची पद्धतही वाईट नाही. खुळखुळ आवाज आला तर जाळी तुटलीय हे नक्की. आवाज आला नाही म्हणून ठीक आहे असं मात्र नाही, वितळून घट्ट झालेली जाळी वाजत नाही. माझी वाजली नव्हती. डबा काढून वर्तमानपत्रावर उलटा केला तेव्हा चार काळे खडे पडले. टॉर्च लावून आत बघितलं तर मधे पोळ्याची घरं बुजून काचेसारखा चकचकीत गोळा झालेला.

आता कन्व्हर्टर निवडायच्या आधीचा मुद्दा, आणि माझ्या मते हाच सगळ्यात मोठा. कन्व्हर्टर आपणहून क्वचितच मरतो, त्याला कुणीतरी मारतं. माझ्या तीन नंबरच्या सिलिंडरचा, प्लगला ठिणगी पुरवणारा कॉइल सहा महिने मिसिंग करत होता, म्हणजे मधूनमधून ठिणगी चुकवत होता, आणि मी ‘बघू पुढच्या सर्व्हिसिंगला’ करत होतो. न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि जाळी वितळते. इंजिन ऑइल जाळत असेल तर ऑइलमधला फॉस्फरस थरावर बसतो. कूलंट आत झिरपत असेल तरी तेच. मारेकरी तसाच ठेवून नवा डबा बसवला तर तोही मरणार. आणि मिसिंग असलेली गाडी ऊसतोडीच्या दिवसांत रस्त्याकडेच्या पाचटावर उभी करू नका, खालचा डबा लालबुंद झालेला असतो.

कॉइल आणि चारही प्लग बदलल्यावर माझ्यापुढं चार वाटा होत्या.

कंपनीचा नवा: बसतो बरोबर, थर पुरेसा, एमिशनची चिंता नाही. पैसे मात्र छातीत कळ यावी इतके. कारण आतले धातू. २०२१ मध्ये ऱ्होडियमचा भाव सोन्याच्या दहापटीहून वर गेला होता.

बाहेरचा नवा, म्हणजे आफ्टरमार्केट: किमतीत मोठा फरक, कारण धातूचा थर पातळ. इथं दोन गाड्यांचा हिशोब वेगळा होतो. बीएस-३ गाडीची एमिशन मर्यादा कार्बन मोनॉक्साइड ०.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ७५० पीपीएम. बीएस-४ ला ०.३ टक्के आणि २००. शिवाय २५०० आरपीएमच्या आसपास लॅम्डाही (हवा आणि पेट्रोलच्या प्रमाणाचा आकडा) तपासतात. माझ्यासारख्या एका सेन्सरच्या गाडीला बऱ्यापैकी आफ्टरमार्केट पुरतो. आतेभावाच्या गाडीला तोच बसवला तर काही महिन्यांत पी-०४२० परत यायची भीती खरी आहे. त्याला घ्यायचाच तर कंपनीचा, असं माझं स्पष्ट मत.

भंगारातला जुना: कोल्हापुरातून आणून देतो म्हणणारे खूप भेटतात. एवढाच विचार करा, आतला माल चांगला असता तर भंगारवाल्याला धातू गाळणाऱ्याकडून तुमच्यापेक्षा जास्त पैसे मिळाले असते. वर, थर ऑइलनं मेलाय की जिवंत आहे हे टॉर्चनं दिसत नाही. आणि पुण्याच्या बीएस-४ गाडीचा डबा बेळगावच्या बीएस-३ गाडीला बसेलच असं नाही. आतेभावाच्या आणि माझ्या डब्यांचे फ्लँज (बोल्ट लावायच्या कडा) आम्ही शेजारी ठेवून पाहिले, भोकं जुळत नाहीत.

चौथी वाट फुकटात सांगितली जाते. “जाळी काढून टाकूया की, पिकप कसा येतोय बघा.” पिकप येतो, खोटं नाही. चोंदलेला बोळा काढला की पाणी वाहणारच. पण धूर कच्चा, वास कच्चा, एमिशनला पास झालात तर नशीब, आणि कायद्यात बसत नाही ते वेगळं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली दंडच १०,००० रुपयांपर्यंत आहे. मागच्या सेन्सरखाली स्पेसर, म्हणजे सेन्सरला धुराच्या वाटेपासून लांब धरणारा तुकडा, लावून दिवा विझवणारेही आहेत. त्यानं सेन्सर फसतो, एमिशनचं मशीन फसत नाही. पेट्रोलच्या टाकीत ओतायच्या क्लीनरबद्दल एवढंच: वितळलेली जाळी त्यानं परत उभी राहत नाही.

मी आफ्टरमार्केट घेतला. ठरवताना धरलेला हिशोब असा: पंधरा वर्षं २०२६ मध्ये भरतात, नूतनीकरणाचं शुल्क एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये, वर ग्रीन टॅक्स, आणि मिळतात पाच वर्षं. तेवढी वर्षं गाडी ठेवणार असाल तरच नवा डबा परवडतो. वर्षभरात विकणार असाल तर घेणाऱ्याला खरं सांगून किंमत कमी करा.

बसवताना दोन गोष्टी अडल्या. आपल्याकडच्या पावसानं मॅनिफोल्डचे स्टड गंजून एकजीव होतात. आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेवलं म्हणून एकच तुटला. फ्लँज जरा जाड निघाला, तो उद्यमबागेत एका लेथवर अर्ध्या तासात घासून मिळाला. ही सोय कोल्हापूर सोडलं तर आसपास फार ठिकाणी नाही. वेल्डिंग करायचं असेल तर आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायला लावा, नाहीतर ईसीयूवर, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरवर, बेतेल. गॅस्केट नवेच. आणि जुना डबा मागून घ्या. मेस्त्री ‘राहू दे की’ म्हणतो त्यामागं कारण असतं.

एमिशनला जाताना खानापूर रोडला वीस मिनिटं गाडी पळवली आणि बंद न करता सरळ सेंटरवर नेली. जाळी अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत तापल्याशिवाय काम करत नाही; दारातून थंड गाडी नेऊन नापास होणारे बरेच आहेत. पास झाली. बीएस-३ म्हणून सहा महिन्यांचा कागद मिळाला, आतेभावाला वर्षाचा मिळतो.

त्याचा दिवा परवा चोर्ला घाटातून येताना पुन्हा पेटलाय. गॅस्केट ठीक आहे, आणि या वेळी मागचा सेन्सर पुढच्यासारखाच नाचतोय. दर हजार किलोमीटरला पाव लिटर ऑइल कमी होतंय हे त्यानं आत्ता सांगितलं. त्याची आरसी २०२९ पर्यंत आहे. कन्व्हर्टरचं कोटेशन बाजूला ठेवून सध्या तो इंजिनाच्या कामाचं कोटेशन मागतोय.