अरुंद स्वयंपाकघरातलं पँट्रीचं उभं कपाट: पावसाळा आणि दिवाळी त्यात काढल्यानंतरचा अनुभव

इंदूरमधल्या आमच्या फ्लॅटचं स्वयंपाकघर सात बाय आठ फुटांचं आहे. एका भिंतीला ओटा, समोर फ्रिज, आणि मधे वावरायला जेमतेम तीन फूट. फ्रिज आणि कोपऱ्यातली भिंत यांच्यामधे जी जागा उरत होती, तिथे गेल्या उन्हाळ्यात सात फूट उंचीचं पँट्रीचं, म्हणजे किराणा ठेवायचं, कपाट करून घेतलं. मे महिन्याचं ऊन, सगळा पावसाळा आणि दिवाळीचा फराळ त्यात निघाला. आता मोकळेपणाने सांगता येईल.

कपाट उत्तम चाललंय. याचं श्रेय मी जास्त डबे मावण्याला देणार नाही, कारण आधीच्या फळ्यांवरही जवळपास तेवढेच डबे होते. फरक पडला तो मागचा डबा पुढे येण्यामुळे. बावीस इंच खोल फळीवर पुढच्या रांगेमागे काय आहे ते दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते घरात असूनही आपण पुन्हा विकत आणतो. आमच्याकडे साबुदाण्याच्या दोन-दोन पिशव्या अशाच फुटायच्या. म्हणून दुकानात कपाट बघताना ‘किती मावतं’ याआधी ‘सगळ्यात मागच्या डब्यापर्यंत हात कसा पोहोचतो’ हे विचारा. छोट्या स्वयंपाकघरात सगळी निवड त्यावर ठरते.

बाजारात साधारण तीन प्रकार दाखवतात. पहिल्यात दार ओढलं की जाळीच्या सगळ्या टोपल्या एका उभ्या सांगाड्यावर एकदम बाहेर येतात. दिसायला फार देखणं, पण त्यातलं सामान दोन्ही बाजूंनी काढायचं असतं. कपाट कोपऱ्यात असेल तर एका बाजूला भिंत येते आणि अर्ध्या डब्यांसाठी वाकून पलीकडून हात घालावा लागतो. शिवाय हळदीची एक बरणी हवी असली तरी अख्ख्या घराचा किराणा ओढून बाहेर काढायचा. सांगाडा वीस इंच पुढे आला की आमच्या तीन फुटांतले सोळा इंच उरतात, म्हणजे ओट्याशी कुणी उभं असेल तर तो उघडताच येत नाही. दुसऱ्या प्रकारात दाराला टोपल्या असतात आणि दार उघडताना आतल्या टोपल्याही पुढे येतात. त्याला बाजूने मोकळी जागा लागते आणि दारावर सतत वजन राहतं. तिसरा प्रकार सगळ्यात साधा: बाहेर नेहमीचं दार आणि आत सुटे ड्रॉवर, प्रत्येकाचे चॅनल (ज्यांवर ड्रॉवर सरकतो त्या पट्ट्या) वेगळे. हवा तो खण ओढा आणि वरून बघा. आम्ही हाच घेतला आणि कोपऱ्यातल्या जागेसाठी मी कुणालाही हाच सुचवेन.

रुंदीचा हिशेब मात्र स्वतः कागदावर करा. मिस्त्री ‘साडेचारशेचं करू’ म्हणतात तेव्हा ते मिलिमीटरमधलं बाहेरचं माप असतं. दोन्ही बाजूंचे १८ मिलिमीटरचे प्लाय वजा केले की ४१४ उरतात. चॅनलला दोन्हीकडे अर्धा-अर्धा इंच जातो, मग ड्रॉवरच्या स्वतःच्या दोन बाजू. हातात राहतात ३६५ मिलिमीटर. बारा सेंटिमीटर व्यासाचे तीन डबे शेजारी शेजारी बसतात, तेही अगदी चिकटून. सहाशेच्या कपाटात याच हिशेबाने ५१५ मिलिमीटर मिळतात, म्हणजे चार डबे आणि बोटं घालायला जागा. आमचं कपाट सहाशेचं आहे. माप घेण्याआधी मी घरातले सगळे डबे जमिनीवर मांडून त्यांच्या उंच्या लिहून काढल्या आणि ड्रॉवरच्या उंच्या त्यावरून ठरवल्या. सगळे खण सारख्या उंचीचे करण्याचा सुतारांचा आग्रह असतो, तो मोडून काढाच. आमचा सगळ्यात खालचा खण सोळा इंची आहे, कारण त्यात सोयाबीन तेलाचा १५ किलोचा डबा उभा राहतो. मधले दोन दहा-दहा इंचांचे, डाळी-तांदळाच्या डब्यांसाठी. त्यावरचा सहा इंचांचा, मसाले आणि जीरावनच्या बरणीसाठी. पोह्यांवर भुरभुरायला ती सकाळी आधी लागते, त्यामुळे ती सगळ्यात पुढे.

ड्रॉवर छातीच्या उंचीपर्यंतच करावेत. त्यावरच्या खणात वरून बघता येत नाही, हात घालून चाचपावं लागतं आणि ड्रॉवरचा उपयोगच संपतो. आमच्याकडे वर साध्या फळ्या आहेत, पण त्या दहा इंचच खोल ठेवल्या. एकच रांग बसते, म्हणून सगळं दिसतं. सासूबाईंना आधी हे जागा वाया घालवणं वाटलं होतं. आता पापड, कुरडया आणि उपवासाचं सामान त्यांनी तिथेच लावलंय, आणि एकादशीच्या आदल्या रात्री वरी शोधायला स्टूल लागत नाही.

दाराबद्दल दुकानात कुणी आपणहून सांगत नाही. साध्या बिजागरीवर दार काटकोनात उघडलं की त्याची जाडी कपाटाच्या तोंडात थोडी पुढे येते, आणि आतला ड्रॉवर बाहेर येताना दाराला घासतो. पहिल्या चाचणीतच आमच्या दाराच्या आतल्या सनमायकावर राखाडी ओरखडा उठला. मग १५५ अंशांच्या बिजागऱ्या लावल्या. त्यांच्यावर दार उघडताना तोंडातून पूर्ण बाहेर सरकतं. दार भिंतीकडे उघडत असेल तर कपाट आणि भिंत यांच्यामधे दोनेक इंचांची पट्टीही हवी, नाहीतर हँडल भिंतीवर आपटतं आणि दार पूर्ण उघडतच नाही.

वजनाकडे हसण्यावारी बघू नका. चॅनलवर ४५ किलो लिहिलेलं असतं, ते दोन्ही बाजूंच्या जोडीचं. आमच्या खालच्या खणात तेलाचा डबा, दहा किलो कणीक आणि पाच किलो तांदूळ असले की तिशी ओलांडते, त्यात स्टीलच्या डब्यांचं स्वतःचं वजन वेगळं. म्हणून त्या खणाचा तळ १२ मिलिमीटरच्या प्लायचा करून घेतला. नेहमी लावतात तो ६ मिलिमीटरचा तळ इतक्या वजनाने मधे झोळ खातो आणि मग खण अडकायला लागतो. एकूण खर्चात चॅनल आणि बिजागऱ्या यांच्यावर हात आखडता घेऊ नका. बाहेरचा सनमायका स्वस्तातला चालेल.

पावसाळ्यात एक कटकट झाली. कपाटाच्या मागची भिंत बाथरूमला लागून आहे. हे आधी सांगून पाठीलाही प्लायच लावायचं ठरलं होतं, पण ज्यांनी काम केलं त्यांनी पाठीला एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड, लावला. ऑगस्टमधे खालच्या खणामागून कुबट वास यायला लागला. खण काढून बघितलं तर पाठीची खालची कड फुगून पुठ्ठ्यासारखी मऊ झाली होती, नखाने उकरली की भुसा पडत होता, आणि रव्याच्या पिशवीला ओलसरपणा लागला होता. भांडण करून पाठ बदलून घेतली. आता तिथे आयएस ७१० चा, म्हणजे ओलीत टिकणाऱ्या मरीन प्लायचा, शिक्का असलेलं प्लाय आहे, आणि पाठ व भिंत यांच्यात इंचभर हवा खेळायला जागा. त्यानंतर वास नाही. तुमच्याकडे ओलीची भिंत असेल तर काम चालू असताना प्लायच्या अख्ख्या शीटवरचा शिक्का स्वतः बघा. कापून सनमायका चढल्यावर आत काय आहे ते कळायला मार्ग नाही. जाळीच्या टोपल्या घेणाऱ्यांनी चुंबक लावून स्टील पारखण्यावर विसंबू नये. ३०४ ग्रेडचं स्टेनलेस स्टील आणि स्वस्तातलं २०२, दोन्हींना चुंबक जवळपास चिकटत नाही. फरक निकेलचा असतो, तो डोळ्यांना दिसत नाही. बिलावर ग्रेड लिहून घ्यायची.

कपाट कितीही चांगलं असलं तरी सोंडे आणि रव्यातली जाळी किराण्याबरोबरच घरात येतात. आम्ही महिन्याचं सामान सियागंजच्या घाऊक बाजारातून एकदम आणतो. रवा, मैदा आणि बेसन आधी चार दिवस फ्रीझरमधे राहतात, मग बाहेर काढून सामान्य तापमानाला आले की डब्यात. जुनं संपल्याशिवाय नवं त्यावर ओतायचं नाही. डाळींना एरंडेलाचा हात. एवढ्यावर पूर्ण पावसाळ्यात फक्त छोल्यांच्या एका डब्यात भुंगे झाले. एक कळकळीची विनंती आहे: धान्यासाठी मिळणाऱ्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या घरातल्या कपाटात किंवा कोठीत अजिबात ठेवू नका. दमट हवेत त्यातून फॉस्फीन वायू सुटतो आणि तो माणसांचाही जीव घेतो. झोपायची खोली पलीकडेच असलेल्या फ्लॅटमधे तर हा विचारही नको.

वर्षाचा गहू या कपाटात भरायचा विचार असेल तर तो सोडून द्या. माळव्यात मार्च-एप्रिलला गहू भरायची पद्धत अजून आहे, आमच्याकडेही आहे. पण शंभर किलो गव्हाला १३० लिटरच्या आसपास जागा लागते, तीही एका जागी. आमची पत्र्याची कोठी मागच्या गॅलरीत आडोशाला आहे, आणि दळायला लागेल तेवढा गहू तिथूनच काढतो. पँट्री ही महिन्याच्या सामानाची जागा. हे दोन वेगळे ठेवले की कपाट लहान असूनही पुरतं. दिवाळीत चिवडा, शेव आणि चकलीचे मोठे डबे आले तेव्हाही मधला एक खण रिकामा करून भागलं.

न जमलेल्या गोष्टीही आहेत. कांदे-बटाटे बंद खणात ठेवून बघितले. बटाट्यांना कोंब फुटले आणि कांदे घामेजले. ते आता ओट्याखाली जाळीच्या दोन वेगळ्या टोपल्यांत आहेत. गूळही पावसाळ्यात पाझरतो, तो काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीतच टिकला. खणांची फ्रिजकडची बाजू उन्हाळ्यात आतून कोमट लागते, म्हणून तिथे शेंगदाणे, तीळ आणि सुकं खोबरं ठेवत नाही, लवकर खवट होतात. मीठ, साखर आणि चहा यांना ती जागा चालते. कणकेचा खण उघडताना-मिटताना उडणारं पीठ चॅनलमधल्या बेअरिंगच्या गोळ्यांत जाऊन बसतं, मग खण शेवटच्या दोन इंचांत अडतो. कोरड्या ब्रशने झाडलं की पुन्हा सुटतो. तिथे तेल घालू नका, पीठ आणखी चिकटतं.

दोनच माणसांचं घर असेल आणि सामान आठवड्याला येत असेल तर एवढा खर्च करण्याची गरज नाही. दहा इंच खोल साध्या फळ्यांची भिंत पुरेशी होईल, सगळं समोर दिसेल. घर भाड्याचं असेल तर फक्त ओट्याखालच्या एका खोल कप्प्यात दोन ड्रॉवर बसवून घ्या. चॅनल सोडवून पुढच्या घरी नेता येतात, आणि त्या कप्प्याच्या मागच्या कोपऱ्यात काय पडलंय ते एकदाचं दिसतं.