एसईएमच्या डिटेक्टरांचा काही महिन्यांचा अनुभव: ईटी, बीएसई आणि इन-लेन्स

आमच्या विभागातील फील्ड एमिशन स्कॅनिंग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर, म्हणजे रोजच्या बोलण्यातल्या एसईएमवर, मी गेले अनेक महिने सातत्याने काम करत आहे. माझे नमुने मुख्यतः दोन प्रकारचे असतात: दख्खनच्या बेसॉल्टचे पॉलिश केलेले पातळ काप आणि ॲल्युमिनियमच्या ओतीव भागांचे तुटलेले पृष्ठभाग. असे यंत्र घेण्याची चर्चा निघाली की विशालन किती आणि विभेदनक्षमता किती नॅनोमीटर, हेच दोन प्रश्न आधी विचारले जातात. इलेक्ट्रॉनांच्या शलाकेने नमुन्यातून बाहेर काढलेल्या इलेक्ट्रॉनांपैकी कोणते, किती आणि कोणत्या दिशेने जाणारे पकडले जातात, हा प्रश्न क्वचितच कानावर येतो. माझ्या रोजच्या कामाचा दर्जा मात्र त्याच प्रश्नाच्या उत्तरावर ठरत आला आहे. म्हणून हा अनुभव मी उत्पादकाचे नाव बाजूला ठेवून, आमच्या यंत्रातील डिटेक्टरांविषयी लिहीत आहे.

पुढचे समजण्यापुरती पार्श्वभूमी अशी. शलाका नमुन्यावर पडली की दोन प्रकारचे इलेक्ट्रॉन परत येतात. पन्नास इलेक्ट्रॉन व्होल्टपेक्षा कमी ऊर्जेचे ते सेकंडरी. त्यांपैकी बहुतेकांची ऊर्जा जेमतेम काही इलेक्ट्रॉन व्होल्ट असते आणि धातूंमध्ये ते वरच्या काही नॅनोमीटरच्या थरातूनच निसटू शकतात. शलाकेतलेच जे इलेक्ट्रॉन अणुकेंद्रांजवळून वळून पुन्हा बाहेर पडतात ते बॅकस्कॅटर्ड, म्हणजे बीएसई. त्यांची ऊर्जा मूळ शलाकेच्या जवळपासपर्यंत असू शकते आणि ते अधिक खोलीवरून येतात. पहिले पृष्ठभागाचा आकार सांगतात, दुसरे मुख्यतः अणुक्रमांक सांगतात.

चेंबरच्या भिंतीत तिरका बसवलेला एव्हरहार्ट-थॉर्नली डिटेक्टर, म्हणजे ईटी, हा या यंत्राचा सर्वात जुना आणि सर्वात सोशिक भाग आहे. थॉमस एव्हरहार्ट आणि रिचर्ड थॉर्नली यांनी केंब्रिजमध्ये, चार्ल्स ओटली यांच्या गटात काम करताना, 1960 मध्ये तो प्रसिद्ध केला. सिन्टिलेटर (इलेक्ट्रॉन आदळला की प्रकाश देणारा पदार्थ) आणि फोटोमल्टिप्लायर (त्या मंद प्रकाशाचा मोठा विद्युत संकेत करणारी नळी) यांची जोडी त्याआधी अमेरिकेत झ्वोरिकिन, हिलियर आणि स्नायडर यांनी 1942 मध्ये वापरली होती. पण सिन्टिलेटर आणि नळी यांच्यामध्ये प्रकाशवाहक दांडा घालणे आणि सिन्टिलेटरवर सुमारे दहा किलोव्होल्टचा धन विद्युतदाब देऊन मंद सेकंडरी इलेक्ट्रॉनांना प्रकाश निर्माण करण्याइतका वेग देणे, यामुळे गोंगाटाचे प्रमाण एकदम खाली आले. 1965 मध्ये बाजारात आलेल्या स्टीरिओस्कॅन या यंत्रापासून आजच्या यंत्रांपर्यंत ही रचना मुळात तीच राहिली आहे, आणि ती वापरताना याचे आश्चर्य वाटत नाही.

या डिटेक्टरच्या तोंडाशी जाळीचा पिंजरा असतो आणि त्यावरचा विद्युतदाब वापरणाऱ्याला बदलता येतो. नव्याने एसईएम शिकणाऱ्या प्रत्येकाने तुटलेल्या धातूचा नमुना लावून हा दाब एकदा धन तीनशे व्होल्ट आणि एकदा ऋण पन्नास व्होल्ट ठेवून पाहावा, असे मी आग्रहाने सांगेन. धन दाबावर सेकंडरी इलेक्ट्रॉन वळणे घेत पिंजऱ्याकडे खेचले जातात, त्यामुळे खाचांच्या आडूनही संकेत मिळतो आणि डिटेक्टरच्या बाजूने मवाळ उजेड पडल्यासारखे चित्र दिसते. ऋण दाबावर ते सगळे परतवले जातात, सरळ रेषेत येणारे थोडे बीएसईच उरतात, आणि त्याच जागी काळ्याकुट्ट सावल्यांचे उग्र चित्र उभे राहते. यातून आणखी एक गोष्ट कळते: धन दाबावरच्या नेहमीच्या चित्राला आपण सहजपणे सेकंडरी चित्र म्हणत असलो तरी त्यातला मोठा हिस्सा बीएसईंनी बाहेर पडता पडता नमुन्यातून, किंवा पोल पीसवर (भिंगाच्या नमुन्याकडच्या टोकावर) आणि चेंबरच्या भिंतींवर आदळून, उडवलेल्या सेकंडरी इलेक्ट्रॉनांचा असतो. माझ्या बेसॉल्टच्या सपाट कापांत ईटीवरही लोहखनिजे उजळ दिसतात, त्याचे एक मोठे कारण हेच.

ज्या डिटेक्टरने माझे काम खऱ्या अर्थाने बदलले तो पोल पीसखाली सरकवता येणारा, मध्ये भोक असलेला सिलिकॉनचा बीएसई डिटेक्टर. सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉन आणि त्याच्या जाण्याने उरलेली रिकामी जागा (‘होल’) यांची एक जोडी निर्माण करायला सुमारे 3.6 इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात, म्हणजे पंधरा किलोव्होल्टच्या शलाकेतून परतलेला एक इलेक्ट्रॉन जास्तीत जास्त चार हजारांच्या आसपास जोड्या तयार करतो. किती इलेक्ट्रॉन परततात हे अणुक्रमांकावर अवलंबून असते: वीस किलोव्होल्टला कार्बनवरून शेकडा सुमारे सहा, ॲल्युमिनियमवरून पंधरा, तांब्यावरून तीस, सोन्यावरून पन्नासच्या जवळ. दख्खनच्या बेसॉल्टसाठी ही देणगीच आहे. प्लॅजिओक्लेजचा वस्तुमानानुसार सरासरी अणुक्रमांक 11 ते 12, ऑजाइटचा 13 ते 14, इल्मेनाइटचा सुमारे 19 आणि मॅग्नेटाइटचा 21. त्यामुळे गडद पट्ट्यांसारखे प्लॅजिओक्लेज, मध्ये राखाडी पायरोक्सीन आणि त्यांत विखुरलेले पांढरेशुभ्र टायटॅनोमॅग्नेटाइटचे कण एका दृष्टिक्षेपात वेगळे होतात. प्रकाशीय सूक्ष्मदर्शकाखाली निकोल (प्रकाशाचे ध्रुवण करणारे प्रिझम) फिरवत ओळखलेली खनिजे इथे आपापल्या जागी निश्चित होतात, आणि कोणत्या कणावर क्ष-किरण विश्लेषण घ्यायचे हे ठरवायला वेळ लागत नाही.

खरी कसोटी मात्र टायटॅनोमॅग्नेटाइटच्या आत दिसणाऱ्या इल्मेनाइटच्या बारीक पट्ट्यांवर लागते, कारण तिथे दोन खनिजांच्या संकेतांत फरक साधारण पाच टक्क्यांच्या घरात असतो. भौतिकशास्त्रज्ञ अल्बर्ट रोझ यांच्या निकषाप्रमाणे फरक डोळ्याला खात्रीने दिसायचा तर तो गोंगाटाच्या किमान पाचपट हवा, म्हणजे पाच टक्के फरकासाठी प्रत्येक बिंदूमागे दहा हजार इलेक्ट्रॉन पकडले गेले पाहिजेत. या खनिजांवरून शंभरातले वीस-बावीस परततात आणि डिटेक्टरने त्यांतले निम्मे पकडले असे धरले, तर शलाकेतून बिंदूमागे सुमारे नव्वद हजार इलेक्ट्रॉन यावे लागतात. एक नॅनोअँपिअर प्रवाह म्हणजे मायक्रोसेकंदाला सुमारे 6,240 इलेक्ट्रॉन; तेव्हा प्रत्येक बिंदूवर पंधरा मायक्रोसेकंद थांबावे लागेल आणि 1024 गुणिले 768 बिंदूंच्या चित्राला बारा सेकंद लागतील. तेच शंभर पिकोअँपिअरवर करायचे तर दोन मिनिटे. हा हिशेब मी आता प्रत्येक बैठकीआधी करतो, कारण चित्र खरखरीत आल्यावर कॉन्ट्रास्टचे बटण फिरवत बसून काहीही साधत नाही. जे इलेक्ट्रॉन पकडलेच गेले नाहीत ते कोणतेही बटण परत आणू शकत नाही.

या डिटेक्टरच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. पहिली म्हणजे तो संथ आहे. प्रवर्धन वाढवले की त्याची बँडविड्थ घटते, आणि जलद स्कॅनवर प्रत्येक उजळ कणाच्या उजवीकडे फरफटलेली शेपटी दिसते. म्हणून मी फोकस आणि ॲस्टिग्मॅटिझम (शलाकेचा ठिपका गोल न राहण्याचा दोष) ईटीवर जुळवतो आणि मगच बीएसईकडे वळतो. दुसरी, त्याला प्रकाश दिसतो. चेंबरमधील कॅमेऱ्याचा इन्फ्रारेड दिवा चालू असेल तर चित्र पूर्ण पांढरे होते, आणि आमच्या सॉफ्टवेअरमध्ये तो दिवा आपोआप बंद होत नाही. तिसरी, तीन किलोव्होल्टच्या खाली आमच्या डिटेक्टरकडून उपयोगी चित्र मिळत नाही, कारण संकेत न देणाऱ्या वरच्या मृत थरातच मंद इलेक्ट्रॉनांची ऊर्जा संपते आणि जी उरते तिच्यातून जोड्या फार थोड्या निघतात. कमी व्होल्टेजला चालणारे सुधारित सिलिकॉन डिटेक्टर मिळतात, आणि ज्यांचे नमुने पॉलिमर किंवा पातळ थरांचे आहेत त्यांनी तोच मागावा. शिवाय तो नमुना आणि पोल पीस यांच्या मधली जागा व्यापतो, त्यामुळे मी वर्किंग डिस्टन्स, म्हणजे पोल पीसपासून नमुन्यापर्यंतचे अंतर, दहा मिलिमीटरच्या आसपास ठेवतो, आणि स्टेज वर घेण्याआधी तो बाहेर आहे की आत हे पाहण्याचा नियम आमच्याकडे काटेकोरपणे पाळला जातो.

आमच्या डिटेक्टरचे चार भाग स्वतंत्रपणे वाचता येतात. सर्वांची बेरीज घेतली की रचनेचे चित्र मिळते. समोरासमोरच्या अर्ध्यांची वजाबाकी केली की रचना बाजूला पडून उंचसखलपणा उरतो. पॉलिश करताना कठीण खनिजे किंचित वर राहिली आहेत का, हे तपासायला वजाबाकीचे चित्र फार उपयोगी पडते.

इन-लेन्स डिटेक्टरविषयी माझे मत संमिश्र आहे. भिंगाचे क्षेत्र सेकंडरी इलेक्ट्रॉनांना वर स्तंभातच ओढून घेते आणि तिथे शलाकेभोवती बसवलेल्या वलयावर ते पडतात. शलाका पडलेल्या जागेच्या अगदी लगतहून निघालेले इलेक्ट्रॉन प्रामुख्याने पकडले जात असल्याने तीन-चार मिलिमीटर अंतरावर आणि दोन-तीन किलोव्होल्टला मिळणारा बारीक तपशील ईटीला कधीच साधत नाही. ॲल्युमिनियमच्या ओतीव भागातील छिद्रांच्या भिंतींवर दुमडलेले ऑक्साइडचे पापुद्रे मला सर्वप्रथम याच डिटेक्टरवर स्पष्ट दिसले, आणि भाग तिथूनच का तुटला हे समजायला त्यांची मोठी मदत झाली. पण तो इतका पृष्ठभागावर डोळा ठेवून असतो की कार्बनच्या लेपावरचा पुसट डाग आणि शलाका काही वेळ थांबल्याने साचलेल्या हायड्रोकार्बनचा काळा चौकोनही तितक्याच ठळकपणे दाखवतो. संकेत अक्षावरूनच गोळा होत असल्याने सावल्या जवळजवळ नसतात आणि खोल खळगा सपाट वाटू शकतो. तुटलेल्या पृष्ठभागाचा अर्थ लावताना मी केवळ इन-लेन्स चित्रावर निष्कर्ष काढत नाही; त्याच जागेचे ईटी चित्र शेजारी ठेवतो.

बेसॉल्टच्या पोकळ्यांतून मिळणारी झिओलाइटे, विशेषतः स्टिल्बाइट, हा वेगळाच प्रश्न आहे. ती विद्युतरोधी असतात, त्यांत पाणी असते, आणि उच्च निर्वातात ते पाणी जाऊ लागले की स्फटिकाला तडे जातात. अशा वेळी मी चेंबरमध्ये तीस ते पन्नास पास्कल दाबाने वायू सोडतो. तिथे ईटी वापरताच येत नाही, कारण दहा किलोव्होल्टमुळे वायूत ठिणगी पडेल. बीएसई मात्र निमूटपणे चालत राहतो. याची किंमत इतकीच की वायूत विखुरलेली शलाका बिंदूपासून बरीच दूरही पडते आणि क्ष-किरण विश्लेषणात शेजारच्या खनिजाचे मूलद्रव्य उमटते.

शेजारच्या प्रयोगशाळेतील फोकस्ड आयन बीम यंत्र मी थोडेच वापरले आहे, तरी एक गोष्ट लक्षात आली: गॅलियमची तीस किलोव्होल्टची शलाका चित्र घेता घेताच नमुना खरवडत असते, त्यामुळे तिथे डिटेक्टरची कार्यक्षमता थेट नमुन्याच्या आयुष्याशी जोडलेली आहे. ॲल्युमिनियमचे कणरूप मात्र त्या चित्रांत फार सुरेख दिसते.

यंत्राविषयी माझी सर्वात गंभीर तक्रार सॉफ्टवेअरची आहे. स्वयंचलित ब्राइटनेस आणि कॉन्ट्रास्टमुळे प्रत्येक चित्र देखणे येते, पण डिटेक्टरचे प्रवर्धन चित्राच्या फाइलमध्ये नोंदले जात नाही, त्यामुळे आजची राखाडी छटा पुढच्या महिन्यातल्या छटेशी ताडून पाहता येत नाही. यावर आम्ही स्वतः काढलेला मार्ग असा की कार्बन, ॲल्युमिनियम, तांबे आणि सोने यांचे पॉलिश केलेले तुकडे असलेला एक नमुना स्टेजवर कायम बसवला आहे. ठरलेल्या प्रवाहावर, ठरलेल्या प्रवर्धनावर चारही तुकड्यांची राखाडी पातळी दर महिन्याला वहीत लिहिली जाते. तिथेच ईटीच्या फोटोमल्टिप्लायरला तीच पातळी गाठण्यासाठी किती दाब द्यावा लागला हेही लिहितो. तो आकडा हळूहळू वर सरकत असल्याचे या नोंदींतूनच दिसले. सिन्टिलेटर इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने कालांतराने मंद होतो, तेव्हा तो बदलून घेण्याची मागणी आम्ही वहीतील आकड्यांसह सेवा अभियंत्याकडे दिली आहे, आणि पुढच्या वार्षिक देखभाल करारात सिन्टिलेटरची किंमत अंतर्भूत असावी अशी अट विभागाने घातली आहे.