तलवार माशाचे पैसे, तीनशे फुटांचं पाणी

मासा लागला नाही म्हणून कुणी कॅप्टनला लबाड म्हणू नये. कोकणात ज्याने एकदा तरी गरी टाकली आहे त्याला हे सांगावं लागत नाही. पण जो मासा दिवसा अडीचशे वाव (एक वाव म्हणजे सहा फूट) पाण्याखाली असतो, त्याच्या नावाने पैसे घ्यायचे, पन्नास वाव पाण्यात बोट उभी करायची आणि परतताना "आज नशीब नव्हतं" म्हणायचं, ही सरळ फसवणूक आहे. फ्लोरिडात फोर्ट लॉडरडेलला आमच्याशी हेच झालं. सुट्टीत तिकडे जाणारी मराठी कुटुंबं आता पुष्कळ आहेत, आणि मासे म्हटलं की आपली माणसं खिशाकडे बघत नाहीत, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी मासा समजून घ्या, कारण सगळी लबाडी त्याच्या सवयींच्या आडून चालते. स्वोर्डफिश, म्हणजे तलवार मासा, रात्री वर येतो आणि दिवसा तळाकडे उतरतो. पूर्वी मायामीच्या बाजूला तो रात्रीच धरत. दिवसा त्याला तळाशी जाऊन गाठायची पद्धत 2000 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत फ्लोरिडाच्याच इस्लामोराडा गावच्या रिचर्ड स्टॅन्झिक आणि विक गॅस्पेनी या मासेमारांनी बसवली, आणि आज तिथल्या चार्टर, म्हणजे भाड्याने मासेमारीला नेणाऱ्या, बोटी तीच विकतात. फोर्ट लॉडरडेलहून त्यासाठी पंधरा-वीस मैल बाहेर जावं लागतं, साधारण 1500 ते 1800 फूट पाण्यात. आठ-दहा पौंडांचं वजन, वर लुकलुकणारा दिवा, गळाला माकूल (स्क्विड) नाहीतर माशाच्या पोटाची पट्टी, आणि हे सगळं तळाशी पोचायला कित्येक मिनिटं. वर ओढायचा त्रास वाचावा म्हणून बहुतेक बोटींवर विजेवर चालणारं रीळ असतं. गल्फ स्ट्रीमचा प्रवाह उत्तरेकडे असा ओढतो की आमिष तळाजवळ ठेवायचं तर कॅप्टनला बोटीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, दक्षिणेकडे करून इंजिन सतत चालू ठेवावं लागतं. हे मला तेव्हा ठाऊक असतं तर लिहायला काही उरलंच नसतं.

बुकिंग इंटरनेटवरून. फोटोत माणसाएवढे तलवार मासे, शेजारी उघडे दात काढून हसणारी गिऱ्हाइकं. पूर्ण दिवसाच्या स्वोर्डफिश फेरीचे दर तिकडे दीड-दोन हजार डॉलरच्या पुढेच असतात. याचा थोडा कमी होता, पण संशय यावा इतका नाही. आगाऊ रक्कम झेलवरून (बँक खात्यातून थेट पैसे पाठवायची तिकडची सोय) मागितली, "कार्डाचं कमिशन वाचतं" म्हणून. उरलेली रक्कम धक्क्यावर.

आम्ही तिघं होतो: मी, मेहुणा, आणि मालवणहून आलेले मामा. त्यांचं सगळं आयुष्य समुद्रावर गेलेलं. सकाळी "स्टार्टर अडलाय" म्हणून तासाहून जास्त वेळ धक्क्यावरच गेला. परतायची वेळ मात्र होती तीच राहिली. नंतर बोट सुटली आणि बंदराच्या तोंडातून बाहेर पडून फार वेळ झाला नव्हता तोच कॅप्टनने इंजिन बंद केलं. खलाशाने साध्या हाताच्या रिळावर माकूल लावली, दिवा बांधला (एवढं नाटक मात्र चोख), वजन सोडलं आणि डबा उघडून सँडविच खायला बसला.

मामांनी तंगूस, म्हणजे गळाची दोरी, बोटांत धरली होती. मिनिटभरात ती सैल पडली. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "इतक्यात तळ कसो लागलो रे?"

मी कॅप्टनला विचारलं. तो म्हणाला, हीच स्वोर्डची जागा, इथे तळ उंच आहे. मामा गप्प बसले, पण किनाऱ्याकडे बोट दाखवून. समुद्रकाठच्या हॉटेलांचे मजले मोजता येत होते. पंधरा मैलांवरून इमारतींचे शेंडे दिसले तरी पुष्कळ.

त्या जागी अर्थातच काही लागलं नाही. मग "आज करंट वाईट आहे" म्हणून आमिषं पाण्यावरून ओढत किनाऱ्याला समांतर फिरलो. किंग मॅकरेल लागली, जिला मामांनी पाहताक्षणी इसवणाच्या घरात बसवलं, एक-दोन बोनिटो लागले, आणि शेवटी सेलफिश. तो दिसायला इतका सुंदर की सगळा राग तेवढ्यापुरता विसरलो. नेमक्या त्याच क्षणाची ही माणसं वाट बघत असतात.

खलाशी मेहुण्याच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, आयुष्यात पुन्हा असा मासा नाही, पेंढा भरून भिंतीवर लावायला हवा. त्यासाठी तो मारावा लागेल. मारला. धक्क्यावर फॉर्म तयार होताच: इंचाला इतके डॉलर, निम्मी रक्कम आत्ता कार्डावर. सात फुटांच्या माशाचा हिशेब दीड हजाराच्या आसपास गेला. वर 15 ते 20 टक्के टिपेचा आग्रह, तोही रोखीत.

आता खरं काय ते ऐका. हल्ली भिंतीवरचा तो मासा तुमचा नसतोच. तयार साच्यातून काढलेला फायबरग्लासचा असतो, वर रंग. त्यासाठी लागतात फक्त लांबी-घेराची मापं आणि एक फोटो. मासा जिवंत सोडून दिला तरी काम होतं. बोटीला त्या ऑर्डरवर कमिशन मिळतं, आणि मासा मेला की गिऱ्हाइकाला नाही म्हणणं जड जातं, एवढ्यासाठीच तो मारायचा. मामांना सगळ्या प्रकारात हेच सर्वांत जास्त लागलं. खायचा नाही तर मारला कशाला, हे ते गाडीतही पुटपुटत होते.

पुरावा आमच्या फोनमध्येच निघाला. फोटोंबरोबर ठिकाण साठवलं जातं. रात्री हॉटेलवर ती ठिकाणं नोआ या अमेरिकी सरकारच्या समुद्र-हवामान संस्थेच्या मोफत नकाशावर टाकली: "स्वोर्डच्या जागी" काढलेला फोटो किनाऱ्यापासून जेमतेम दोन मैलांवरचा, खोली तीनशे फुटांच्या आसपास. कॅप्टनला कळवलं तर उत्तर ठरलेलं: मासेमारीत हमी नसते. कार्ड कंपनीकडे तक्रार करताना मी म्हणूनच माशाबद्दल अवाक्षर लिहिलं नाही. बुकिंगच्या संदेशात "दिवसाची स्वोर्डफिश फेरी" हे शब्द होते, ते, फोटोंची ठिकाणं आणि खोलीचा नकाशा एवढंच जोडलं: विकलेली सेवा दिलीच नाही. मढवण्याची रक्कम आणि धक्क्यावर दिलेली बाकी परत आली. झेलवरचे गेले ते गेलेच. तिथून मित्राला पैसे पाठवावेत, अनोळखी बोटवाल्याला नाही.

जाणार असाल तर कॅप्टनला फोनवर नाही, संदेशात विचारा: किती फूट पाण्यात नेणार, वजन किती पौंडांचं, विजेचं रीळ आहे का, दिवसात साधारण किती वेळा गळ खाली जाईल, वेळ धक्क्यापासून मोजणार की गळ टाकल्यापासून. खरा माणूस या प्रश्नांवर खुलतो आणि नको तेवढं बोलतो. लबाड माणूस मोठ्या माशाचा आणखी एक फोटो पाठवतो. कोस्ट गार्डचा कॅप्टन-परवाना आणि बोटीचा नोआकडचा एचएमएस (दूरवर स्थलांतर करणाऱ्या माशांसाठीचा) चार्टर परवाना दाखवायला सांगा. दुसरा नसेल तर पैसे घेऊन स्वोर्डफिशला न्यायचा त्याला अधिकारच नाही. लहान बोटींवरच्या नेहमीच्या परवान्यात पैसे देणारे प्रवासी सहापर्यंतच चालतात, सातवा घेऊ म्हणाला तर तिथूनच वळा. "एक लागला होता, पण छोटा म्हणून सोडला" असं सांगितलं तर मापाचा आकडा मागा: खालच्या जबड्यापासून शेपटीच्या बेचक्यापर्यंत 47 इंचांखालचा ठेवता येत नाही हे खरं, पण मग तो कुणीतरी मोजलेला असतो. फोनवर खोली दाखवणारं ॲप नकाशासकट आधीच उतरवून ठेवा, बाहेर रेंज जाते. आणि बोट थांबल्यावर इंजिन बंद झालं तर तिथल्या तिथे विचारा, परतल्यावर नाही.

मढवण्याच्या फॉर्मवर धक्क्यावर सही करू नका. हवाच असेल तर लांबी आणि घेर लिहून घ्या, मासा पाण्यात सोडा आणि घरी आल्यावर दोन-तीन ठिकाणी भाव विचारा. मेहुण्याने विचारला, तेव्हा तसाच सेलफिश त्याला बराच स्वस्तात मिळत होता. त्याने तरीही घेतला नाही. बायकोने भिंत आधीच दुसऱ्या कशाला तरी दिली होती.