बाबांच्या पद्मिनीचं गळकं कार्बोरेटर आणि नाना पेठेतले चाचा

आधीच सांगते, दुकानाचं नाव देणार नाहीये. चाचांनीच बजावलंय, "ताई, ते नेटवर बिटवर टाकू नका, आहे तेवढंच काम उरकत नाही." पुण्यात नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानांच्या गर्दीत एका बोळाच्या तोंडाशी पत्र्याच्या ट्रेमध्ये उघडलेले कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) मांडून बसलेले दिसतील, नाही दिसले तर जुन्या फिएटचं काम आहे म्हणा, कोणीही बोट दाखवेल.

गाडी 1983ची प्रीमियर पद्मिनी, गिअर स्टीअरिंगला, पुढे सोफ्यासारखी एकसंध सीट. बाबांनी नंबर लावून, वाट बघून घेतलेली. कंपनीने पद्मिनी हे नाव 1974 मध्येच दिलं पण आमच्याकडे ती कायम फिएटच, आईला तर पद्मिनी म्हटलेलं कळतही नाही. बाबा आता चालवत नाहीत, रविवारी मी एक चक्कर मारून आणते.

तर झालं असं की जूनपासून गाडीत पेट्रोलचा वास यायला लागला. पहिल्यांदा वाटलं टाकीचं झाकण सैल असेल. मग मायलेज बाराचं आठवर आलं, गरम गाडी बंद करून दहा मिनिटांनी चालू करायला गेलं की नुसती घरघर, पाय पूर्ण दाबून धरला की मग काळा धूर सोडत उठायची, आणि एक दिवस बोनेट उघडलं तर कार्बोरेटरच्या झाकणाच्या सांध्यातून पेट्रोल पाझरून खाली गरम इंजिनावर टपटप पडतंय! काळजात धस्स झालं. फायर एक्स्टिंग्विशर त्याच दिवशी घेतला, तुमची जुनी गाडी असेल तर तुम्हीपण घ्या.

पहिल्यांदा घराजवळच्या एका गॅरेजला नेली (नाव नको, चकाचक आहे, वेटिंगला एसी आहे, कॉफी देतात). त्यांनी पेट्रोलचा पाइप आणि क्लिपा बदलल्या, पाइप कडक झालेला होता म्हणा, ते काम योग्यच होतं, पण झाकणाच्या सांध्याला बाहेरून सिलिकॉन थापलं आणि 2,800 घेतले. साधं सिलिकॉन पेट्रोलमध्ये फुगतं आणि सुटतं हे मला नंतर कळलं, त्यांना आधी माहीत असायला हवं होतं ना. आठ दिवसांत परत टपटप. परत गेले तर म्हणे कार्बोरेटर संपला, दुसऱ्या गाडीचा बसवून देतो, 14 हजार. मी गाडी घेऊन सरळ बाहेर.

मग बाबांनीच सांगितलं, नाना पेठेत जा.

चाचा सत्तरीच्या पुढचे असतील. अस्सल पेठेतली मराठी, शब्द मोजके. मी बोनेट उघडून कार्बोरेटर दाखवायला लागले तर त्यांनी तिकडे बघितलंही नाही, आधी ऑइलची पट्टी ओढली, बोटावर ऑइल घेतलं आणि माझ्या नाकाशी धरलं. "काय वास येतो?" पेट्रोल! पट्टीवर लेव्हलही खुणेच्या वर. म्हणजे जादा पेट्रोल नुसतं बाहेर गळत नव्हतं, आतून इंजिनात उतरून ऑइल पातळ करत होतं, आणि अशी गाडी मी दोन महिने चालवत होते. त्या एसीवाल्यांपैकी एकानेही पट्टी काढली नव्हती. माझ्यासाठी तर रिव्ह्यू इथेच झाला होता खरं म्हणजे.

ऑइलमध्ये पेट्रोल यायला दोन वाटा असतात, एकतर कार्बोरेटर ओव्हरफ्लो होतोय किंवा टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या, इंजिनाला चिकटलेल्या पंपाचा डायफ्रॅम (आतला लवचिक पडदा) फाटलाय. चाचांनी पंप आधी काढून बघितला, तो चांगला निघाला, तसाच परत लावला, नवीन विकायचा प्रयत्न केला नाही. मग कार्बोरेटर खाली उतरवला. सोलेक्सचा, एका नळीचा, हातात मावेल एवढा. चार स्क्रू काढून झाकण उचललं आणि आतल्या वाटीत तळाला चुन्यासारखी पांढरी पूड! पेट्रोलमध्ये हल्ली इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढतं, गाडी उभी राहिली की ते पाणी या धातूला खातं. जुन्या काळचं रबरही त्याने बाद होतं. चाचांच्या शब्दांत, "पेट्रोल बदललं, गाडी तीच राहिली."

आता खरी गंमत. वाटीत एक पितळी फ्लोट असतो, आपल्या संडासाच्या टाकीतला फुगा असतो ना तीच आयडिया, पेट्रोल भरलं की फ्लोट वर येतो आणि झाकणातली सुई दाबून पेट्रोल बंद करतो. चाचांनी फ्लोट कानाशी धरून हलवला, मग मला दिला. आतून बारीक चुळुकचुळुक आवाज. फ्लोटच्या पोटात पेट्रोल! जड झालेला फ्लोट वर येणार कसा, सुई बंद होणार कशी, पेट्रोल येतच राहणार आणि मिळेल तिथून बाहेर पडणार. दोन महिन्यांची डोकेदुखी आणि कारण काय तर बोराएवढ्या डबीला पडलेलं भोक.

भोक डोळ्याला दिसेना. पोऱ्याला शेजारच्या चहावाल्याकडे पाठवून स्टीलच्या ग्लासात कढत पाणी मागवलं, त्यात फ्लोट बुडवला आणि जोडाच्या रेघेतून बुडबुड्यांची एक बारीक माळ वर आली. तिथे सुईने खूण केली. मला वाटलं आता लगेच डाग देतील, तर नाही. गरम पाण्यात घाल, बाहेर काढ, झटक, वास घे, परत घाल, असं चाललं होतं. आत पेट्रोलची वाफ असताना डाग द्यायचा म्हणजे हातात फटाका. शेवटी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, वास पूर्ण गेल्यावर, आच न लावता नुसत्या सोल्डरिंग आयर्नने डाग दिला आणि जास्तीचं शिसं कानशीने घासून काढलं. का, तर फ्लोटचं वजन वाढलं की तो पेट्रोलमध्ये खोल बसतो आणि लेव्हल वर जाते. तरी थोडं वाढलंच, म्हणून सुईची सीट (सुई जिथे टेकून पेट्रोल बंद करते ती जागा) आणि झाकण यांच्यामध्ये जरा जाड वॉशर टाकला, सीट खाली आली की सुई लवकर बंद होते आणि लेव्हल जागेवर. हे ते मला समजावत नव्हते हं, स्वतःशीच पुटपुटत होते, मी ऐकत होते.

झाकणाचा घोळ वेगळाच. आधीच्या कितीतरी हातांनी गळती थांबावी म्हणून स्क्रू आवळ आवळ आवळलेले, त्याने झाकणाचे कोपरे वाकलेले, पॅकिंग नवीन टाकलं तरी मध्ये फट राहणारच. जाड काचेवर पॉलिश पेपर पसरून चाचांनी झाकण आठच्या आकड्यासारखं फिरवत घासलं, अर्धा तास तरी. आधी फक्त कोपरे चमकले, मग हळूहळू सगळी कड एकसारखी चमकायला लागली. मी उभी राहून बघत होते, ऑफिसचे तीन फोन उचलले नाहीत.

किटबद्दल मात्र तक्रार आहे, पण ती चाचांची नाही. किट म्हणजे पॅकिंग, सुई, कार्बोरेटरच्याच छोट्या पंपाचा डायफ्रॅम आणि वॉशर. मी माझ्या भावाकडून कुर्ल्याहून मागवलं होतं, 350 ला एक, नशिबाने तीन आणले. कुर्ल्यालाच ही गाडी बनायची, तर म्हटलं माहेरचं सामान चांगलं असेल. चाचांनी सुई बसवून झाकण उलटं धरलं, बोटाने सुई हलकेच दाबली आणि पेट्रोलच्या नळीत तोंडाने फुंकलं. हवा गेली. दुसऱ्या किटची सुई, परत हवा गेली. तिसरी बसली. नव्या पाकिटातल्या तीनपैकी दोन सुया बाद! मुंबईच्या काळ्यापिवळ्या धावत होत्या तोवर या सामानाला गिऱ्हाईक होतं, ऑक्टोबर 2023 मध्ये शेवटच्या पद्मिनी टॅक्सी बंद झाल्या, आता कोण कशाला नीट बनवेल. चांगली सुई दिसली तर दोन जास्तीच्या घेऊन ठेवा, एवढंच सांगेन.

खर्च: मजुरी 1,200, नवीन ऑइल आणि फिल्टरचे वेगळे (पेट्रोल मिसळलेलं ऑइल ठेवायचंच नाही, लगेच बदलायचं). जुने पार्ट न मागता कागदात बांधून हातात दिले. त्यानंतर गाडी मिटरवर चारशे किलोमीटर चाललीये, झाकण कोरडं ठणठणीत, वास नाही, मायलेज साडेअकरा. गरम गाडी पहिल्या किल्लीला उठते.

आता न आवडलेलं. बिल मिळत नाही, फोन उचलत नाहीत, ऑनलाइन पेमेंट नाही, रोख न्यायची. "उद्या या" म्हणजे उद्याच असं नाही, माझे पाच दिवस गेले. बसायला जागा नाही, आणि गाडी बोळात लावायची म्हणजे टेम्पोवाल्यांच्या शिव्या खायच्या. घाई केलीत तर चाचा सरळ कार्बोरेटर उलटा बांधून परत देतात, माझ्यासमोर एका बुलेटवाल्याला दिला. आणि घरी गाडी थंड असताना स्लो (उभ्या गाडीतलं हळू चालणारं इंजिन) जरा जास्तच रिच, म्हणजे पेट्रोल जास्त घेणारं, वाटतंय, सिग्नलला मागच्याला वास जात असणार. पाचपैकी चार, अर्धा मार्क बिलाचा, अर्धा त्या "उद्या"चा.

चोकची (थंड गाडी चालू करताना ओढतात त्याची) केबलपण अडकते अधूनमधून, ओढली की परत जात नाही. ती आणि स्लोचं सेटिंग दोन्ही दाखवायला सोमवारी जातेय. बाबांना यायचंय यावेळी, म्हणतात मी पुढच्या सीटवर बसून राहीन, काही बोलणार नाही.