क्राकोवमधलं मातेय्कोचं घर: कोपर्निकसचं कच्चं चित्र चुकवू नका

एकतीस वर्षं कोल्हापुरात ड्रॉइंग शिकवलं. दरवर्षी पोरांच्या मागे लागायचे, आधी पोस्टकार्डाएवढं कच्चं काढा. ऐकतील तर शपथ! थेट मोठा कागद घ्यायचे आणि शेवटी आभाळाला जागाच उरायची नाही.

म्हणून असेल, पण लेकीबरोबर पोलंडमधल्या क्राकोवला गेले तेव्हा फ्लोरियान्स्का रस्त्यावरच्या 41 नंबरच्या घरात मी एका छोट्या तैलचित्रापुढेच रेंगाळले. पोलिश चित्रकार यान मातेय्को याच घरात 1838 मध्ये जन्मला. आता ते राष्ट्रीय संग्रहालयाकडे आहे. तर हे छोटं चित्र म्हणजे त्यानं काढलेल्या खगोलशास्त्रज्ञ कोपर्निकसच्या मोठ्या चित्राची 1871 मधली तयारी. बारकावे सगळे पुढच्यासाठी राखलेले. पण गुडघ्यावर आलेला माणूस आणि त्याच्यामागचं रात्रीचं आभाळ, यांचं आपसात ठरून गेलंय. रंग तर असा सैल टाकलाय की ब्रश कुठून कुठे गेला ते कळतं. मी दोनदा मागे फिरून बघितलं.

मग पूर्ण झालेलं चित्र. ते इथल्या विद्यापीठाच्या कोलेगियुम नोवुम नावाच्या इमारतीतल्या सभागृहात आहे, चालत पंधरा मिनिटं. लेकीनं आधी चौकशी करून ठेवली होती, तुम्हीही करा. सव्वादोन मीटर उंच, तीन मीटरपेक्षा जास्त रुंद. मधोमध सूर्य असलेली आकृती, उपकरणं, मागे तो जिथे राहायचा त्या फ्रोम्बोर्क गावच्या चर्चचे मनोरे. हात थोर आहे, वादच नाही. तरी मला जरा नाटकी वाटलं. अर्थात ते पूर्ण झालं 1873 मध्ये, म्हणजे कोपर्निकसच्या जन्माची 400 वर्षं, देश शेजाऱ्यांनी वाटून घेतल्यामुळे नकाशावर पोलंड नाही, क्राकोव ऑस्ट्रियाकडे, आणि कोपर्निकस आमचाच म्हणणारे जर्मनही होते. चित्रकाराला आवाज चढवावा लागला असेल. छोट्या चित्रात तो स्वतःशीच बोलतोय.

घरात त्यानं जमवलेले जुने पोशाख, शस्त्रंही आहेत. ऐतिहासिक चित्रं काढणाऱ्यानं कपाट कसं भरावं ते बघून घ्या. दोन तास ठेवा. गुडघे दुखत असतील तर जिने सावकाश चढा.

छापील प्रत मात्र रस्त्यावरच्या दुकानातून घेऊ नका. मी घेतली. निळं आभाळ पार काळं पडलंय, कोपर्निकसला कावीळ झालीय. कागद तेवढा जाड आहे. मागची कोरी बाजू नातवाला दिलीय, कच्चं काढायला.